मणका मोडला तरी माणूस मोडू नये

(पाठीच्या कण्याची इजा आणि व्यायामाने होणारे पुनर्वसन)

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर आम्ही दर अंकात लागण, बाळबांधणी, खोडवा, पाचट आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. गळीत हंगाम तोंडावर आला आहे. येते चार-पाच महिने रात्रंदिवस ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या फडातून गव्हाणीकडे धावतील. दर हंगामात कोणी भरल्या ट्रॉलीवरून पडतो, कोणाचा ट्रॅक्टर ओढ्याच्या चढाला उलटतो. हंगाम नसला तरी विहिरीत उतरताना, नारळावर किंवा माडीवर चढताना माणसे पडतातच. हात-पाय मोडला तर प्लास्टरमध्ये जुळून येतो. पाठीचा कणा मोडून आतला मज्जारज्जू दुखावला, तर मात्र सारे घर अंथरुणाला खिळते. अशा घरांना उपयोगी पडेल म्हणून हा लेख. आम्ही शेतीची पदविका घेतलेले लोक, डॉक्टर नव्हे. परंतु आपल्या कार्यक्षेत्रातील एका घराबरोबर आम्ही हा रस्ता चाललो आणि वाटेत डॉक्टरांकडून, व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

आमच्या हातून झालेली चूक

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना होता. एका सभासदाच्या फडात ट्रॉली भरून झाली होती. त्यांचा पंचविशीतला मुलगा वर चढून सोल आवळत होता. ओढता ओढता सोल तुटला आणि पोरगा पाठमोरा खाली बांधावर आदळला. आम्ही स्लिपबॉयसह तिथेच उभे होतो. पोरगा शुद्धीवर होता. म्हणाला, "साहेब, पाय जाणवंना झालेत. कुठं हायत माझं पाय?"

आम्ही काय केले? एकाने काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि पोत्यासारखा उचलून त्याला जीपच्या मागच्या बाकावर गुडघे दुमडून घातला. चौदा किलोमीटर कच्च्या रस्त्याने नेला. लवकर पोचवले म्हणून आम्ही स्वतःवर खूषही होतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "याला उचलला कसा?" आम्ही सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. मज्जारज्जूला किती इजा पडण्याने झाली आणि किती आमच्या उचलण्याने, हे आता कोणीच सांगू शकत नाही. हे ओझे आम्ही आजही वागवतो. आपल्यापैकी कोणावर ते येऊ नये म्हणून ही गोष्ट आधी सांगितली.

मज्जारज्जू म्हणजे मुख्य वायर

आपल्या पाठीच्या कण्यात मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कमरेचे ५ असे सुटे मणके असतात. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांत जुळलेले असतात. या मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढा जाड आणि सुमारे दीड फूट लांबीचा मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम हातापायांना पोचवणे आणि हातापायांची जाण मेंदूला कळवणे, ही दोन्ही कामे तोच करतो. लघवी, शौच, घाम आणि रक्तदाब यांचे नियंत्रणही त्याच्यातूनच चालते.

विहिरीवरच्या मोटरीचा दाखला घ्या. मोटर चांगली, पंप चांगला, पाणी भरपूर. पण पेटीपासून येणारी वायर मध्येच तुटली, तर मोटर फिरत नाही. मज्जारज्जूच्या इजेत असेच होते. पाय शाबूत असतात, पण हुकूम पोचत नाही. वायर जितकी वर तुटेल तितका जास्त भाग बंद पडतो. मानेत तुटली तर हात-पाय दोन्ही जातात. छातीमागे किंवा कमरेत तुटली तर हात शाबूत राहून कमरेखालचा भाग जातो.

मोटरीची वायर जोडता येते. मज्जारज्जू जोडण्याचे औषध किंवा शस्त्रक्रिया आजही नाही. शस्त्रक्रिया करतात ती मोडलेला मणका स्थिर करण्यासाठी आणि रज्जूवरचा दाब काढण्यासाठी. मात्र प्रत्येक इजेत वायर पूर्ण तुटलेली असतेच असे नाही. काही तारा शिल्लक राहिल्या तर त्या इजेला अपूर्ण इजा म्हणतात. डॉक्टर टाचणी टोचून आणि गुदद्वाराजवळची जाण तपासून हे ठरवतात. तिथे जाण किंवा आवळण्याची शक्ती शिल्लक असेल तर इजा अपूर्ण, आणि सुधारणेची आशा अधिक. सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा ते बारा महिन्यांत होते. म्हणून पहिल्या दिवसापासून व्यायामात खंड पडू देऊ नये.

पूर्वी काय होत असे

पहिल्या महायुद्धाच्या काळात कणा मोडलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. मृत्यू यायचा तो मोडलेल्या कण्यामुळे नव्हे, तर पाठीला पडलेल्या जखमा आणि लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग यांमुळे. अशा माणसाला गुंगीत ठेवून मरणाची वाट पाहणे, एवढाच उपचार होता.

हे चित्र बदलले लुडविग गुटमन या डॉक्टरांनी. ते जर्मनीतले ज्यू. नाझींच्या छळामुळे १९३९ साली कुटुंबासह इंग्लंडला गेले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात कणा मोडलेल्या सैनिकांसाठी त्यांनी वेगळा विभाग सुरू केला. त्यांचे औषध साधे होते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. लघवीची स्वच्छता पाळायची. आणि हात चालतात ना, मग हातांना काम द्यायचे. व्यायाम, चेंडूचे खेळ, तिरंदाजी, सुतारकाम. पडून राहायला परवानगी नाही. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी गुटमन यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या १६ स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्या रोपट्याचेच पुढे १९६० साली रोम येथे पॅरालिंपिक झाले.

आपल्या देशातही अशी माणसे झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. मेरी वर्गीस यांचा १९५४ साली मोटार अपघातात कणा मोडला. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि पुढे तिथेच अपंगांच्या पुनर्वसनाचे काम उभे केले. १९६५ साली एव्हरेस्टवर पोचलेले मेजर अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात मानेजवळ गोळी लागून पांगळे झाले. स्टोक मँडव्हिलला उपचार घेऊन परतल्यावर त्यांनी दिल्लीत मणक्याच्या इजेसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे केले.

आणि आपल्या उसाच्या पट्ट्यातले नाव घ्यायचे तर सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर. ते सैन्यात मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. वेळ होती ३७.३३ सेकंद, त्या काळचा विश्वविक्रम. भारताचे पॅरालिंपिकमधले ते पहिले सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विहिरीत आणि ओढ्यात पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांनी हे नाव विसरू नये.

व्यायाम केव्हा आणि कोणता

व्यायामाने तुटलेला रज्जू जुळत नाही, हे आधी स्पष्ट समजून घ्यावे. व्यायामाने तीन गोष्टी होतात. जे शाबूत आहे ते बळकट होते, जे बंद पडले आहे ते नासत नाही, आणि अपूर्ण इजेत उरलेल्या तारा कामाला लागतात. पड टाकलेली जमीन जशी घट्ट होते, तसे न हलवलेले सांधे आखडतात. एकदा आखडले की पुढे खुर्चीत बसवणेही कठीण.

पहिला टप्पा अंथरुणातला. डॉक्टरांनी मणका स्थिर झाल्याचे सांगितले की घरच्या माणसाने रोज दोन वेळा खांद्यापासून पायाच्या बोटांपर्यंत प्रत्येक सांधा दहा-दहा वेळा सावकाश फिरवावा. झटका देऊ नये. घोटा विशेष सांभाळावा. पाऊल खाली लोंबत राहिले तर तसेच आखडते, म्हणून ते उशीच्या आधाराने काटकोनात ठेवावे. डॉक्टरांच्या परवानगीने दिवसातून काही वेळ पालथे झोपवावे, त्याने मांडीचा सांधा सरळ राहतो. मान किंवा छातीची इजा असेल तर दीर्घ श्वास घेण्याचा आणि खोकून कफ काढण्याचा व्यायाम हवाच. छातीत कफ साठला तर जिवावर बेतते.

मानेच्या इजेत एक बारकावा आहे. काहींचे मनगट वर उचलले जाते, पण बोटे चालत नाहीत. अशांची बोटे मनगट मागे वाकवून ठेवून पार सरळ ताणू नयेत. बोटे किंचित आखूड राहिली तर मनगट उचलताच ती आपोआप मिटतात आणि पेला, चमचा धरता येतो. प्रेमापोटी बोटे सरळ करत बसलेली आई नकळत ही पकड घालवून बसते.

दुसरा टप्पा बसण्याचा. महिनाभर आडवा असलेला माणूस एकदम बसवला तर रक्तदाब उतरून त्याला भोवळ येते. पलंगाची उशाकडची बाजू रोज थोडी थोडी उंच करत न्यावी. मग पाय खाली सोडून बसणे, दोन्ही हात टेकून तोल सांभाळणे, एक हात उचलणे, दोन्ही उचलणे, शेवटी बसल्या बसल्या चेंडू झेलणे. कमरेची जाण गेलेल्या माणसाला बसून तोल धरणे म्हणजे नव्याने सायकल शिकण्यासारखे आहे. हे काम आठवड्यांचे आहे, घाई चालत नाही.

तिसरा टप्पा हातांचा. यापुढे हात हेच पाय. बसून दोन्ही तळवे बाजूला टेकायचे, कोपरे सरळ करायची आणि ढुंगण अधांतरी उचलायचे. हा या सर्व व्यायामांचा राजा. यानेच माणूस पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासाच्या बैठकीवर आपला आपण जातो. त्यासाठी दंड आणि खांदे मजबूत हवेत. महागड्या यंत्राची गरज नाही. वाळू भरलेल्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, छताच्या कडीला अडकवलेला दोर आणि सायकलची जुनी ट्यूब ताणायला, एवढ्यावर घरात तालीम उभी राहते. मात्र खांदा दुखू लागला तर अंगावर काढू नका. एकदा खांदा गेला तर माणूस दुसऱ्यांदा पांगळा होतो.

चौथा टप्पा उभे राहण्याचा. पायांना आधाराच्या पट्ट्या लावून किंवा चौकटीत बांधून रोज थोडा वेळ उभे करतात. त्याने पाय आखडत नाहीत आणि माणसाच्या मनालाही उभारी येते. परसात जमिनीत चार खांब पुरून कमरेच्या उंचीवर दोन समांतर पाइप किंवा चांगले वासे बांधले की उभे राहण्याचे आणि पावले टाकण्याचे ठिकाण तयार होते. पहिल्यांदा उभे करणे मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावे.

यंत्र मोठे की सराव मोठा

अपूर्ण इजेच्या रुग्णाला पावले टाकायला शिकवण्यासाठी आता मोठी यंत्रे आली आहेत. माणसाला पट्ट्याने वर टांगतात आणि खालच्या फिरत्या पट्ट्यावर पावले टाकायला लावतात. शहरात याचे बिल पाहून सभासदाचे डोळे पांढरे होतात. "साहेब, यंत्र नाही म्हणून पोरगं चालायचं राहिलं का?" असे त्या पोराच्या वडिलांनी, आबांनी, आम्हाला विचारले होते.

त्याचे उत्तर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने दिले आहे. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांत नुकत्याच अपूर्ण इजा झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला टांगून पट्ट्यावर, दुसऱ्याला साध्या जमिनीवर, असा १२ आठवडे चालण्याचा सराव दिला. शेवटी दोन्ही गट सारखेच चालू लागले. जे चालण्याजोगे होते त्यांतले बरेच जण दोन्हीकडे चालले. आपण ठिबक आणि पाटपाणी यांची तुलना जशी प्लॉट घेऊन करतो, तसाच हा प्रयोग. निष्कर्ष असा की जाणकाराच्या हाताखाली लवकर सुरू केलेला नेमाचा सराव फळ देतो, मग तो यंत्रावर असो की अंगणात.

पुढे जन्मभर किती व्यायाम करावा, याचेही माप २०१८ साली तज्ज्ञांनी ठरवून दिले आहे. दम लागेल असा व्यायाम, म्हणजे खुर्ची जोराने ढकलणे, हाताने फिरवायचे पायडल, पोहणे, हा किमान २० मिनिटे, आठवड्यातून दोनदा. शिवाय चालत्या मोठ्या स्नायूंची ताकदीची कसरत प्रत्येकी तीन फेऱ्या, तीही आठवड्यातून दोनदा. हृदयाचे विकार आणि मधुमेह दूर ठेवायचा तर दम लागणारा व्यायाम ३० मिनिटे, आठवड्यातून तीनदा. हे माप इजा जुनी आणि स्थिर झालेल्या प्रौढांसाठी आहे. नव्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी.

व्यायामाइतकीच महत्त्वाची राखण

पीक जोमात असले तरी राखण सोडली की डुक्कर एका रात्रीत फड आडवा करते. इथेही तसेच आहे. पुढील गोष्टींत हयगय झाली तर महिन्यांचा व्यायाम वाया जातो.

१. कातडी. जाण नसलेल्या भागावर दाब पडून रक्त थांबते आणि मांस कुजते. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचला किंवा पुढे-बाजूला वाका. सकाळ-संध्याकाळ माकडहाड, नितंब, टाचा आरशात पाहा. लाल डाग दिसला आणि तो उतरला नाही, तर त्या भागावर अजिबात दाब देऊ नका. बसायला गोल ट्यूब वापरू नका, कडेच्या दाबाने मधल्या भागाचे रक्त अडते. चांगली गादी घ्या.

२. शेक आणि मालीश. बधिर पायाला गरम पिशवी, तापलेली वीट, शेकोटी काही नको. कळत नाही आणि हाडापर्यंत भाजते. एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली तर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती फुप्फुसात जाऊन माणूस दगावतो. तडक डॉक्टरकडे न्या.

३. लघवी. नळी कायम ठेवण्यापेक्षा दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून पिशवी रिकामी करणे बहुतेकांना चांगले. हे रुग्ण स्वतः शिकू शकतो. यात लाजण्यासारखे काही नाही. मूत्रपिंड वाचले तर माणूस वाचला. शौचाचीही रोजची ठरावीक वेळ ठेवा.

४. हाडे. न चालणाऱ्या पायांची हाडे ठिसूळ होतात. जोर लावून पाय वाकवू नका, मोडेल आणि त्याला कळणारही नाही.

५. अचानक डोकेदुखी. मानेची किंवा छातीच्या सहाव्या मणक्यापर्यंतची इजा असलेल्या माणसाचे डोके एकदम ठणकू लागले, चेहऱ्याला घाम फुटला, तर रक्तदाब भलताच चढलेला असतो. त्याला सरळ बसवा, कपडे सैल करा, नळी कुठे मुडपली का पाहा. बहुधा तुंबलेली लघवी किंवा शौच हे कारण असते. ते दूर होऊन लगेच उतार पडला नाही तर दवाखाना गाठा.

६. ऊन. मानेची किंवा छातीची इजा असेल तर इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही. चैत्र-वैशाखात दुपारी सावलीत ठेवा, अंग ओल्या फडक्याने पुसा.

जमीन विकण्याआधी थांबा

आता त्या पोराची पुढची गोष्ट. शस्त्रक्रिया झाली. तीन आठवड्यांनी घरी सोडले. कागदावर शेवटी एकच शब्द होता, फिजिओथेरपी. ती कोणी, कशी, किती करायची हे घरच्यांना कोणी सांगितले नाही. महिन्याभरात माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली. आईला वाटले, पडून राहिल्याने गळू झाले. हळद लावली.

अशातच पाहुण्यांपैकी कोणीतरी सांगितले, शहरात एक इंजेक्शन निघाले आहे, मूळ पेशींचे, दोन महिन्यांत पोरगा चालेल. खर्च काही लाख. आबा गटकार्यालयात आले ते तीस गुंठ्यांचा सातबारा घेऊनच. म्हणाले, "साहेब, रान काय, परत घेता येईल. पोरगं उभं राहूद्या." आम्ही गप्प झालो. बापाला नको म्हणणे सोपे नसते. पण आम्ही त्यांना दोन दिवस थांबायला लावले आणि एका सरकारी रुग्णालयातल्या पुनर्वसन विभागाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मणक्याच्या इजेवर मूळ पेशींचा उपचार मान्य नाही. तो केवळ परवानगी घेतलेल्या प्रयोगातच करता येतो, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो तो औषध विकत नाही, आशा विकतो. आबांनी सातबारा पुन्हा पिशवीत घातला.

जखम भरायला चार महिने लागले. ते चार महिने व्यायामाच्या हिशेबात बुडाले, आणि तेच मोलाचे होते. मग अडीच महिने तो पुनर्वसन विभागात राहिला. पूर्वी तालमीत जाणारे पोर, दंड भरलेले. तरी पहिल्या दिवशी त्याला स्वतःचे अंग पलंगावरून एक इंचही उचलता आले नाही. तो रडला. तिथल्या शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आज इंच नाही, उद्या बघू." सातव्या आठवड्यात तो आपला आपण खुर्चीत बसला. आई दारात उभी होती. तिला हात लावू दिला नाही.

पाय चालले नाहीत. त्याची इजा पूर्ण होती. खोटा शेवट आम्ही सांगणार नाही. पण आज त्यांच्या परसात हिरव्या जाळीखाली ऊस रोपवाटिका आहे. खुर्चीच्या उंचीचे लांब टेबल करून घेतले आहे. हा पोरगा स्वतः बेणे निवडतो, एक डोळा कापतो, बेणेप्रक्रिया करतो आणि ट्रेमध्ये लावतो. गेल्या आडसाली लागणीला आमच्या गटातल्या कित्येक सभासदांनी त्याची रोपे नेली. तुटाळ फार कमी निघते, कारण तो प्रत्येक डोळा हातात घेऊन पाहतो. टेबलावर घड्याळ आहे. दर अर्ध्या तासाने तो काम थांबवून दोन्ही हातांवर अंग उचलतो. गिऱ्हाईक उभे असले तरी थांबवून उचलतो.

घराने आणि गावाने काय करावे

उंबरे काढा आणि उतार करा. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार धरावा. दार खुर्ची जाईल एवढे रुंद हवे. संडासात उंच बैठक आणि भिंतीला पकडायला पाइप लावा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढून घ्या. २०१६ च्या कायद्याने सवलती आहेत. शेतकरी कुटुंबातील अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच चौकशी करा, मुदत घालवू नका. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. माजी सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही व्यायामोपचार विभागाची चौकशी करा.

आणि माणसे भेटायला जातात तेव्हा "देवानं असं करायला नको होतं" म्हणून उसासे टाकतात, ते बंद करा. त्याऐवजी एक तास बसा. कूस बदलायला हात द्या. त्याच्या आईला तेवढी झोप मिळू द्या.

फडात आणि ट्रॉलीवर चिकटवून ठेवावे असे

— सोल, साखळी, ट्रॉलीचा हूक रोज तपासा. झिजलेला सोल वापरू नका.
— भरल्या ट्रॉलीवर कोणालाही बसवून आणू नका.
— पडलेल्या माणसाला मान-पाठ दुखते, पायाला मुंग्या येतात किंवा पाय हलत नाहीत, तर त्याला बसवू नका, उभा करू नका, पाणी पाजू नका.
— १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत एकाने दोन्ही हातांनी डोके आणि मान सरळ धरून ठेवावी.
— हलवणे भागच असेल तर चार-पाच जणांनी एकाच वेळी, अंग ओंडक्यासारखे सरळ ठेवून, फळीवर किंवा दारावर घ्यावे. काखेत हात घालून उचलू नका.
— घरी सोडताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. इजा पूर्ण की अपूर्ण? व्यायाम कोण शिकवणार? कातडी आणि लघवी कशी सांभाळायची? उत्तर मिळाल्याशिवाय घरी येऊ नका.

या हंगामात प्रत्येक गटकार्यालयात एक रुंद फळी आणि चार पट्टे ठेवण्याचे आम्ही शेती विभागातर्फे ठरवले आहे. मुकादम, चिटबॉय आणि वाहनचालकांना माणूस फळीवर कसा घ्यावा हे हंगामाआधी दाखवले जाईल. सभासदांनीही त्या दिवशी आपल्या मुलांना पाठवावे. फळी वापरायची वेळ येऊ नये, हीच इच्छा. आली तर ती हाताशी असावी.